चवळीखाऊ चेअरमनबाई

सितान कुलिबालीबद्दल चांगलं बोलायची मला सोय नाही. मी वासा केइता, ती कुलिबाली. केइतानं कुलिबालीचं कौतुक केलं तर लोक विचारतील, वासाला ताप आलाय का? तेव्हा आधीच सांगून टाकते: ही बाई चवळी खाते. तिचा बाप चवळी खायचा, आजा चवळी खायचा, आणि बानी नदीपलीकडच्या ज्या गावातून ती आमच्या न्योनबुगूत लग्न होऊन आली, त्या गावच्या वाऱ्यालासुद्धा चवळीचाच वास येतो. एवढं असून तिनं स्वतःच्या तोंडानं हे कधी कबूल केलेलं नाही.

ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा मी गावात नुकतीच सून झाले होते. तिच्या डोक्यावरचं मोठं भांडं बघून मी विचारलं, "काय गं, चवळीच असेल ना यात?"

नवरीनं मान खाली घालायची असते. हिनं तोंडावरचं फडकं बाजूला सारलं आणि म्हणाली, "नाही. केइतांची अक्कल आहे. बघ की, भांडं हलकं आहे ते."

त्या दिवसापासून आमचं जमलं.

आमच्याकडे काही आडनावांमध्ये थट्टेची सोयरीक असते, वाडवडिलांपासून चालत आलेली. थट्टेच्या सोयऱ्यानं काहीही बोलावं, राग धरायचा नाही. त्यानं अंगणातली कोंबडी उचलून न्यावी, आपण हसायचं. त्यानं चारचौघांत काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. केइता आणि कुलिबाली यांचं तर हे जुनंच नातं. पण कुलिबालींचं नशीब असं फुटकं, की दियारा असो, सिदिबे असो, त्रावरे असो, झाडून सगळा मुलूख त्यांना चवळीखाऊ म्हणायला मोकळा. लग्न करून दुसऱ्याच्या घरात आली तरी कुलिबाली ती कुलिबालीच राहते. आडनाव काही चुलीत जळत नाही.

मी तिला माझी बटीक म्हणायचे, ती मला तिची बटीक म्हणायची. मी तिचं नवं कोरं कापड उचलून आणलं, तिनं माझा कोंबडा नेला. तिचा नवरा गेला तेव्हा सगळ्या बायका रडत होत्या आणि मी दारात ओरडत होते, "बिचारा हिच्या हातची चवळी खाऊन खाऊन कंटाळला, म्हणून गेला!" सितान रडता रडता फिस्सकन हसली. ते माझं कामच होतं. ते मी केलं नसतं तर तिला वाटलं असतं की आता जगात आपलं कुणी उरलं नाही.

नवरा गेल्यावर ती सुंबाला करून पोट भरू लागली. सुंबाला सगळ्याच बायका करतात. त्याच्याशिवाय रश्श्याला चव नाही, आणि त्याच्यामुळे पाहुण्यांना आमचं गाव लांबूनच कळतं. नेरेच्या झाडाच्या बिया दिवसभर शिजवायच्या, राख लावून उखळात कुटायच्या, काळी साल सुटेपर्यंत कुटतच राहायचं, मग धुवायच्या, परत शिजवायच्या, झाकून आंबू द्यायच्या आणि गोळे वळायचे. सगळा जीव जातो तो कुटण्यात. ज्या घरात सुना-लेकी आहेत तिथं मुसळ या हातातून त्या हातात जातं. सितानला लेक नाही, सून नाही. ती एकटी कुटायची. कुटून कुटून तिच्या उजव्या मनगटावर लिंबाएवढी गाठ आली. मग मुसळ हातातून सुटायला लागलं. सान गावाला तिचा भाऊ असतो, त्याचा निरोप आला: खोली रिकामी आहे, ये. म्हणजे भावजयीच्या चुलीपाशी बसायचं, तिनं वाढलं तर खायचं आणि वर तिच्या पोरांची नाकं पुसायची. सानकडून येणारी बैलगाडी दिसली की सितान घरात जाऊन बसायची.

आणि अशातच आमच्या गावात सहकार आला.

तो आला मोटारसायकलवरून, मादाम आफीच्या मागे बसून. मादाम आफी ही प्रोजेक्टची बाई, लांबची, परमुलखातल्या लोमे शहराची. हुशार पोरगी, पण आमची भाषा तिला बाजारात टोमॅटो घेण्यापुरतीच यायची, आणि टोमॅटोसुद्धा महागच मिळायचे. तिनं चिंचेखाली सगळ्या बायकांना जमवलं आणि सांगितलं, की दुकानातल्या चकचकीत कागदातल्या वड्यांनी तुमचा सुंबाला मारला. तुम्ही एकेकट्या विकता म्हणून मार खाता. एकत्र या, सहकारी संस्था काढा, थोडं थोडं भागभांडवल घाला. सेगूच्या मोठ्या व्यापारीणबाई, हाजा बातोमा, माल घ्यायला तयार आहेत. त्यांची पहिली ऑर्डर जी संस्था वेळेवर पुरी करेल, तिला बियांची साल काढायचं मशीन मिळेल. मशीन एकच आहे. नदीपलीकडच्या गावातही संस्था निघते आहे.

सितान कोपऱ्यात बसली होती. सहकार, भागभांडवल, सर्वसाधारण सभा, हे सगळं तिच्या डोक्यावरून गेलं. तिनं एवढंच विचारलं, "मशीन कुणाचं असणार?"

"सभासदांचं," आफी म्हणाली.

"म्हणजे जी चेअरमन होईल तिचं?"

"नाही, नाही. चेअरमन आज आहे, उद्या नाही. मशीन सगळ्या सभासदांचं."

सितान डाव्या हातानं उजवं मनगट चोळत राहिली.

चेअरमन कोण, हे ठरलेलंच होतं. गावप्रमुखाची थोरली बायको माह दियारा कडक इस्त्रीचा निळा झगा घालून मध्यभागी बसली होती. झगा इतका कडक की ती हलली की कुरकुरायचा. आता फक्त कुणीतरी तिचं नाव घ्यायचं, तिनं "छे छे, मला कुठं जमतंय" म्हणायचं, सगळ्यांनी आग्रह करायचा आणि घरी जायचं. आफीनं विचारलं, "कुणी नाव सुचवतं का?" आणि सगळ्या गप्प. मोठ्या माणसाचं नाव पटकन घेणं बरं दिसत नाही. जरा वेळ जाऊ द्यावा लागतो.

आता मला गप्प बसवत नाही, हा माझा स्वभाव. मी आपली वेळ भरून काढायला उठले.

"माझी ही बटीक बघा," मी सितानकडे बोट दाखवलं. "चवळी शिजवता शिजवता म्हातारी झाली. हिलाच करा चेअरमन! भांड्यापाशी बसवली म्हणजे चमचा निदान हातात तरी राहील, सारखा तोंडात जाणार नाही!"

हसून हसून पुरेवाट. बायका एकमेकींच्या पाठीत गुद्दे मारायला लागल्या, हात वर करून ओरडायला लागल्या, "करा! करा! चवळीखाऊला चेअरमन करा!" माह दियारानंसुद्धा हात वर केला. चवळीखाऊवर हसायची संधी दियारा कशाला सोडेल?

आफीनं ते सगळे वर गेलेले हात बघितले. तिचे डोळे भरून आले. "बिनविरोध!" ती म्हणाली आणि टाळ्या वाजवायला लागली. "इतकी एकी मी कुठल्याच गावात बघितली नाही!"

हसू हळूहळू विरलं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी बोलायला हवं होतं. माहला बोलता येईना. थट्टा होती असं म्हणायचं म्हणजे थट्टा झोंबली हे कबूल करायचं, आणि प्रमुखाच्या थोरल्या बायकोला काही झोंबत नसतं. प्रमुख बायकांच्या सभेत बोलत नाहीत. सितानला नाही म्हणता येईना, कारण थट्टेच्या सोयऱ्यानं चारचौघांत मागितलेलं. राहिले मी. मी एका शब्दात सगळं निस्तरू शकले असते. पण माहच्या झग्याची कुरकुर बंद झाली होती आणि मला इतकी मजा वाटत होती, की मी मूग गिळून गप्प बसले.

अशी आमची चेअरमन निवडून आली. गाव म्हणालं, चार दिवसांची गंमत आहे, चालू द्या.

गंमत अशी, की ते तिला कुणी सांगितलंच नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याचं रिकामं पडलेलं धान्याचं कोठार झाडायला लागली.

पहिलं घोडं अडलं ते चवीपाशी. माल एकाच चवीचा हवा, असा हाजाचा निरोप. आता प्रत्येकीचा सुंबाला वेगळा आणि प्रत्येकीच्या मते तिच्या आईनं शिकवला तोच खरा. कुणी राख जास्त लावते, कुणी एक दिवस जास्त आंबवते. दोन दिवस नुसता आरडाओरडा. कोरोतुमू सिदिबेनं तर जावेशी बोलणं टाकलं. शेवटी सितान म्हणाली, "उद्या सगळ्या माझ्याकडे जेवायला या."

गेलो. अंगणात सारख्या दिसणाऱ्या वाडग्यांची रांग. प्रत्येक वाडग्यात एकीएकीचा सुंबाला घालून शिजवलेली... काय असेल? चवळी! अख्ख्या गावाला चवळी खायला घातली त्या बाईनं, आणि स्वतः एक दाणा तोंडात टाकला नाही. हात पाठीमागे बांधून उभी राहिली. कुणाचा वाडगा कुठला ते तिलाच ठाऊक.

"न आवडेल तो बाजूला ठेवा," म्हणाली.

माह दियारानं एक घास घेतला आणि थू करून थुंकला. "हे कुणाचं गं बाई? गाढवाच्या खोगिराची चव!"

तो तिचाच होता. सितान वाडगा नुसता उचलून घेऊन गेली. पण नंतर तो माहच्या सुनेनं घासायला घेतला, त्यावरून सगळ्यांना कळलंच. आणि शेवटी जो सगळ्यांना पसंत पडला तो कुणाचा निघाला, हे मी सांगणार नव्हते. पण विचारताच आहात तर सांगते, माझा.

मग सगळ्या माझ्या पद्धतीनं करायला लागल्या. कोठारात चटयांवर गोळे वाळायला लागले, काळे, घट्ट, वासाचे. आठवड्याभरात चटई दिसेना इतके झाले. आफी येऊन फोटो काढून गेली.

आणि तेव्हा आमची खरी चूक आमच्या लक्षात आली. म्हणजे लक्षात आली नाही, फक्त घडायला लागली. दुसऱ्या कुणाच्याही हाती कोठार दिलं असतं तर चाललं असतं. आम्ही दिलं कुलिबालीच्या हाती! जिच्या घरचं उचलून न्यायला सगळ्या गावाला मुभा, जिनं त्यावर फक्त हसायचं, तिला आम्ही राखणीला बसवलं.

सुरुवात माहनं केली. भलंमोठं भोपळ्याचं पात्र घेऊन आली. "काय गं चवळीखाऊ! बटकीच्या घरचं ते मालकिणीचं!" असं म्हणत पात्र भरून घेतलं. सितान हसली. हसायलाच हवं. थोरल्या बाईंनी नेलं म्हटल्यावर कोरोतुमू आली, तिची जाऊ आली, भांडण मिटवून दोघी एकत्र आल्या. लोहाराची बायको आली. ज्या जन्मात कधी थट्टा करत नाहीत त्याही थट्टा शिकून आल्या. मीही नेले, माझ्या बहिणीकडे बारसं होतं. इतरांनी न्यावं आणि केइतानं बघत बसावं, हा कुठला न्याय? दिवसभर कोठारापाशी नुसती हसाहशी. इतकं आनंदात कुठलं कोठार रिकामं झालं नसेल.

चटया दिसायला लागल्या. सोमवारी हाजाची गाडी यायची होती.

सितान हसत होती आणि कुटत होती. उजव्या मनगटाला फडकं गच्च बांधून डाव्या हातानं मुसळ मारायची. तीनदा मारलं की एकदा उखळाबाहेर जायचं. मी कुंपणावरून ओरडले, "अगं, मुसळ आहे ते, चवळीचा चमचा नव्हे!"

तिनं वर बघितलं. हसली नाही. परत मुसळ उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर होते. ती घागर घेऊन आली. मी नेहमीसारखी, "काय गं चवळीखाऊ, आज पोट किती फुगलंय?"

तिनं घागर खाली ठेवली. दोन्ही गुडघे किंचित वाकवले, आपण मोठ्यांपुढे वाकवतो तसे. आणि म्हणाली, "वासाताई, आपली रात्र बरी गेली?"

मी वळून मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"आपल्या घरचे बरे आहेत? मुलं बरी आहेत? आपल्या बहिणीच्या घरचं बारसं नीट पार पडलं?"

"सितान, काय झालंय तुला?"

"आपल्या आशीर्वादानं सगळं बरं आहे," म्हणाली, पाणी भरलं आणि निघून गेली. माझ्या हातातला दोर सुटून बादली विहिरीत गेली ती अजून तिथंच आहे.

ओळखीत इतकी वर्षं गेली, तिनं मला माकडीण म्हटलं, बटीक म्हटलं, नकटी म्हटलं. मला कधी काही वाटलं नाही. पण त्या "वासाताई"नं वाटलं, हिनं मला घराबाहेर काढलं.

मी एकटीच नव्हते. दुपारपर्यंत तिनं सगळं गाव फिरून नमस्कार केले. कोरोतुमूला "आपण", लोहाराच्या बायकोला "आपण". माह दियारा तिला बघून ओरडली, "आली का चवळीखाऊ!" तर ही तिथंच वाकून म्हणाली, "थोरल्या बाईसाहेब, आपली तब्येत कशी आहे?" माहच्या हातातला पंखा थांबला.

गावाची पाचावर धारण बसली. शिवी दिली असती तर आम्ही दुप्पट देऊन मोकळ्या झालो असतो. रडली असती तर समजूत घातली असती. आदराला काय उत्तर देणार? प्रमुखांनी ऐकलं, दाढी कुरवाळली. मग म्हणाले, "ती आपल्याशी सोयरीक तोडते आहे. सोयरीक नाही, तर ती थट्टा नव्हती. आणि थट्टा नव्हती, तर तुम्ही बायकांनी कोठारातून नेलं, त्याला काय म्हणायचं?"

सगळ्यांना आपापल्या घरी एकदम कामं आठवली.

मी मात्र सरळ तिच्या अंगणात गेले. "हे बघ, मला शिवी दे. कुठलीही दे. माझ्या बापाला दे!"

तिनं मला बसायला तिपाई दिली. तिपाई! माझ्यासाठी!

"वासाताई," ती म्हणाली, "माझं काय न्यायचं ते न्या. कोंबड्या न्या, खाट न्या. मी हसेन. पण ते गोळे माझे नाहीत. त्यात कोरोतुमूची लाकडं आहेत, तुमचं मीठ आहे, म्हाताऱ्या बिंतूनं भागभांडवलासाठी मुलाकरवी विकलेलं करडू आहे. जे माझं नाही ते कुणी नेलं तर मी कशी हसू? मला हसायचा हक्क नाही."

मी उठले आणि घरी आले. आणले होते त्यातले उरलेले गोळे टोपलीत घातले. बारशाला उडाले होते त्यांच्या जागी माझ्या स्वतःच्या भांड्यातले घातले. कोठारापाशी गेले, तर तिथं आधीच रांग. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. माहनं स्वतः यायचं टाळलं, पण तिचं पात्र आलं, आणि नेताना होतं त्यापेक्षा भरून आलं. थोरल्या बाईंनी कमी परत केलं असं कुणी म्हणायला नको ना. मग इतरांनीही हात सैल सोडला. सोमवारी हाजाची गाडी आली तेव्हा पोती भरून वर टोपलीभर माल उरला. सितान प्रत्येकीला म्हणाली, "आपले आभार."

पावसाळ्याआधी मशीन आलं. नदीपलीकडच्या गावात म्हणे चेअरमन कोण यावर दोन गट पडले आणि बिया तशाच किडल्या. त्यांच्याकडे एकी नव्हती, असं आफी म्हणाली. मशीन सुरू केलं तेव्हा कोंबड्या गावाबाहेर पळाल्या. बियांची साल एका बाजूनं आणि गर दुसऱ्या बाजूनं पडायला लागला. सितान पुढे झाली आणि तिनं गाठ आलेला हात मशीनच्या थरथरत्या पत्र्यावर ठेवला. ठेवून तशीच उभी राहिली. सानला निरोप गेला, खोली दुसऱ्या कुणाला द्या.

आता ही परत माणसात येईल, असं आम्हाला वाटलं. मी मुद्दाम जवळ जाऊन म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं, चवळीखाऊ?"

"आपल्या सगळ्यांच्या कृपेनं," ती म्हणाली.

हे वर्षभर चाललं. कोठारातला एक गोळा इकडचा तिकडे झाला नाही. तिनं एकदा आदराची चव बघितली होती, आणि तो कोठाराला कुलपापेक्षा चांगला लागतो हे तिला कळलं होतं. गावालाही सवय झाली. कुणी तिला चवळीखाऊ म्हणेना. माह दियारासुद्धा "चेअरमनबाई" म्हणायला लागली. हाजाची माणसं यायची, तिला बसायला खुर्ची द्यायची. संस्था छान चालली होती, आणि मी सकाळी उठून विहिरीवर जायचे, ती यायची, "वासाताई, रात्र बरी गेली?" म्हणायची, आणि मला सुंबाल्याशिवायचा रस्सा प्यायल्यासारखं व्हायचं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "चांगलं आहे की, तुझी इज्जत करते." पुरुषांना काही कळत नाही.

वर्ष संपलं, सर्वसाधारण सभा आली. तीच चिंच, तीच आफी, आता जरा बरी भाषा बोलणारी. तिनं सांगितलं, चेअरमनची निवड दर वर्षी करायची असते, पण सितानबाईंचं काम इतकं चांगलं आहे की बहुतेक...

मी उठले.

"ही चवळीखाऊ फार फुगली आहे!" मी ओरडले. "उतरवा हिला खाली! खुर्ची मोडायची एखाद्या दिवशी!"

कुणी हसलं नाही. एकही बाई हसली नाही. माझा आवाज चिंचेखाली तसाच पडून राहिला. आफीनं भुवया चढवल्या. आणि माह दियारा, जिची खुर्ची मी एकदा थट्टेत घालवली होती, तीच म्हणाली, "वासा, तोंड सांभाळून बोल. चेअरमनबाई आहेत त्या."

मी उभीच. थट्टा फुकट गेली की माणूस किती उघडं पडतं हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि मग जे बोलायचं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं.

"मला चेअरमन नको," मी म्हटलं. "माझी चवळीखाऊ मला परत द्या." आणि माझा आवाज फाटला. भर सभेत. माझा!

सिताननं खुर्चीतून माझ्याकडे बघितलं. मग उठली. झगा झटकला. कमरेवर हात ठेवले, डावा आणि गाठीचा उजवा, दोन्ही.

"ऐकलंत?" ती सभेला म्हणाली. "केइतांची ही नकटी बटीक माझ्याकडे भीक मागते आहे, आणि तीही रडून! माकडांच्या खानदानात रडायची रीत आहे हे मला ठाऊक नव्हतं!"

असा हशा झाला म्हणून सांगू! बायका चिंचेच्या बुंध्याला धरून हसल्या. वर्षभराचं तुंबलेलं हसू ते. मी रडत होते का हसत होते, कुणाला कळलं नाही. मलाही नाही.

"पण थट्टेच्या सोयऱ्यानं चारचौघांत मागितलं," सितान म्हणाली, "मग नाही कसं म्हणू? मी उतरले." आणि खुर्ची सोडून बाजूला झाली.

आफी घाबरली. "अहो, असं कसं! आणि मशीन? मशीनसाठी तर तुम्ही एवढं..."

"मशीन सभासदांचं. तूच सांगितलंस ना? चेअरमन आज आहे, उद्या नाही." सितान खाली चटईवर, बायकांत येऊन बसली. "सभासद तर मी आहेच."

मग तिनं माझ्याकडे बोट केलं. मला ते बोट ओळखीचं वाटलं.

"आता हिला बसवा वर," ती म्हणाली. "हिच्या घरातून उचलायला फक्त कुलिबालीलाच मुभा आहे. म्हणजे कोठाराला उंदीर एकच, आणि तो मी. काय हरकत आहे?"

सगळे हात वर गेले. माहचा सगळ्यात आधी. आफीनं या वेळी हात मोजायच्या आधी माझ्याकडे बघून विचारलं, "ही थट्टा आहे का?" मी काय सांगणार? थट्टेच्या सोयऱ्यानं मागितलेलं.

तेव्हापासून मी चेअरमन आहे. काम डोक्याला ताप आहे. हाजाची माणसं हिशेबाला वाकडी, मशीनचा पट्टा तुटतो, कोरोतुमूनं परत जावेशी बोलणं टाकलंय. आणि रोज सकाळी ती येते. कोठाराच्या दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते, "बटकीच्या घरचं ते मालकिणीचं!" आणि एक गोळा उचलते.

दाराशी ठेवलेला उचलते. तो मी येताना माझ्या घरच्या भांड्यातून आणून तिथं ठेवलेला असतो. ते मी तिला कधी सांगितलेलं नाही. पण तिनं आजवर आतल्या चटईला हात लावलेला नाही.

काल मी विचारलं, "रोज नेतेस गं माकडिणी, घालतेस तरी कशात?"

तिनं आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं.

"चवळीत," म्हणाली.